हत्तीच्या पोटात पानं का नसतात?

प्रश्न : ताई, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत सातवीला शिकवते. यंदा 40 मुलांना मुंबईच्या हँगिंग गार्डनला न्यायचं डोक्यात आहे, तिथं झुडपं छाटून प्राणी केलेत ना, ते दाखवायला. पण हेडसर म्हणतात ही नुसती मजा, यात शिक्षण कुठं आहे? काय सांगू त्यांना?

उत्तर : बाई, शिक्षण भरपूर आहे, फक्त ते मुंबईत पोचल्यावर सुरू करू नका, शाळेच्या कुंपणापाशीच करा. कोयनेल नाहीतर मेंदीचं कुंपण जवळपास कुठंतरी असतंयच. महिनाभर आधी प्रत्येक गटाला एकेक फांदी द्या, शेंडा कात्रीनं उडवायचा, खूण म्हणून दोरा बांधायचा आणि दर आठवड्याला बघायचं. शेंड्यात ऑक्सिन नावाचं वाढीचं संप्रेरक तयार होतं, ते बाजूच्या डोळ्यांना, म्हणजे फुटू पाहणाऱ्या कोंबांना, दाबून ठेवतं, शेंडा गेला की ते डोळे फुटतात, एका फांदीच्या दोन, दोनाच्या चार, असं करत झुडूप दाट होतं. टोपियरी, म्हणजे झुडपं छाटून प्राणी करणं, हेच काम, वर्षानुवर्षं न थकता केलेलं.

मी शिकवत होते तेव्हा आमची सहल अशाच एका बागेत गेली होती. वीस मिनिटं, रांग, ग्रुप फोटो, चला बसमध्ये. त्यात एका मुलीनं हत्तीच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला आणि ओरडली, "बाई, आत पानंच नाहीत, नुसत्या काटक्या!" बरोबर होतं तिचं, बाहेरचा थर इतका दाट की आत ऊन पोचत नाही आणि आतली पानं गळून जातात. पण तेवढ्यात शिट्टी वाजली, तिला उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच, मला अजून वाईट वाटतं.

म्हणून सांगते, सगळी बाग फिरवायच्या मागं लागू नका. पाच जणांत एक प्राणी, अर्धा तास, वहीत चित्र. डावी-उजवी बाजू सारखी आहे का, खालची फांदी विरळ का, आकार धरून ठेवणारी आतली तार कुठं दिसते? माळीदादा भेटले तर पोरांनाच विचारू दे, तिथं मराठीत बोलायला काय अडचण नाही.

आणखी एक, ही बाग मलबार हिलच्या जलाशयावर वसवलीय, पायाखाली मुंबईचं पिण्याचं पाणी आहे. तुमची मुलं तर मलप्रभेच्या उगमाकडची, कणकुंबीपासून बोलणं सुरू करा, बघा कसे डोळे मोठे होतात!

तारेची टोकं लागतात तेवढं सांभाळा, आणि डुरांटा नावाच्या झुडपाची पिवळी फळं कुणी तोंडात घालणार नाही हे बसमध्येच बजावून सांगा, ती विषारी असतात. बेळगावहून मुंबई जवळपास 500 किलोमीटर, त्यामुळं पोचल्या पोचल्या बागेत नको, मुलं झोपून उठू दे. बाग त्या दिवशी उघडी आहे ना हे आधी फोन करून विचाराच.

हेडसरांकडं मात्र आत्ताच जाऊ नका, कुंपणाच्या त्या महिनाभराच्या वह्या घेऊनच जा, आणि बीईओ, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या, ऑफिसच्या परवानगी अर्जालाही त्यातलीच दोन पानं जोडा.