जपानमधले शिक्षकाचे शनिवार-रविवार
वह्या शुक्रवारीच तपासून टाक, नाहीतर सहलीला सोबत येतात. आणि जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेवर ठरावीक दिवस हवा तेवढा प्रवास करू देणारा पास, डोक्यातून काढ. तो अल्पकालीन पर्यटकांसाठी असतो, नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आपल्याला मिळत नाही; मला हे तिकीट खिडकीवर उभं राहून कळलं! त्यापेक्षा लोकल गाड्या धर. वेळ जातो खरा, पण मनात येईल त्या छोट्या स्टेशनावर उतरता येतं. परतीची शेवटची गाडी मात्र आधी बघ. टोकियोतही मध्यरात्रीनंतर गाड्या थांबतात, खेड्यांत तर बऱ्याच आधी. रेसिडेन्स कार्ड (इथे राहणाऱ्या परदेशी माणसाचं ओळखपत्र) कायम जवळ ठेव, कायद्याने सक्तीचं आहे. फुजी चढायचा असेल तर हंगाम जुलै ते सप्टेंबरची सुरुवात एवढाच. रात्री वर थंडी कडक असते, स्वेटर घेच.