हे वचन झेपत नाही, वगळलं तर चालेल का?

ताई, बायबलमधला अमुक अध्याय वाचला की पोटात गोळा येतो, तो सोडून दिला तर चालेल का, की माझा विश्वासच कमी पडतोय? हे मला सारखं ऐकायला मिळतं, कॉलेजची मुलं विचारतात, मंडळीतल्या वयस्क बायाही हळूच बाजूला घेऊन विचारतात. म्हणून एका मुलीचं सांगते, तिला विचारून आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

ती तेव्हा नर्सिंग शिकत होती. वर्षात बायबल पूर्ण करायचं म्हणून रोज वाचायची आणि स्तोत्र ८८ ला येऊन अडकली. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात, हे वळतच नाही, अठराव्या वचनात अंधारावरच संपतं. घरचे म्हणाले, ते सोड गं, धीर देणारी स्तोत्रं वाच, २३ वाच, ९१ वाच. तिने सोडलं, मग सोडल्याची टोचणी लागली.

मी तिला अर्थ सांगितला नाही. माझी पद्धतच ती आहे, माणसाने स्वतः शोधलेलं टिकतं, दुसऱ्याने दिलेलं उत्तर पहिल्याच संकटात निसटतं. फक्त म्हटलं, मोठ्याने वाच आणि हा कोणाशी बोलतोय तेवढं बघ.

तिने वाचलं, थांबली, परत पहिल्या वचनावर गेली, मग नवव्यावर, मग तेराव्यावर.

"ताई, हा तीनदा देवाला हाक मारतोय. रोज मारतो म्हणतोय, सकाळी पण."

"आणि उत्तर?"

"नाहीचे. तरी बोलायचं थांबत नाहीये."

"विश्वास नसलेला माणूस असं करेल?"

बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण मला हे अजून आवडत नाहीये."

मला तिचं हे बोलणं मनापासून आवडलं कारण ते खरं होतं. म्हटलं, आवडायलाच हवं असं नाही, बाजूला पेन्सिलीने प्रश्नचिन्ह कर, तारीख टाक आणि पुढचं वाच.

आपण धरून चालतो की वचन कळलं तरच ते आपलं. शास्त्रात मात्र उलटं दिसतं. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांच्या येशूचं बोलणं मरीयेला समजत नाही, तरी ती ते मनात जपून ठेवते. हे मंदिर पाडा, मी तीन दिवसांत उभारीन, या येशूच्या बोलण्याचा अर्थ शिष्यांना त्याच्या पुनरुत्थानानंतर, म्हणजे तो मरणातून उठल्यावर लागला. पाय धुताना पेत्रालाही येशू हेच सांगतो, आत्ता नाही, पुढे कळेल.

काही वर्षांनी ती परत आली. सातव्या महिन्यात बाळ गेलं होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण रोमकरांस ८:२८ सांगायचा, सगळं मिळून कल्याणासाठीच होतं म्हणून, आणि तिला ते ऐकवायचं नाही. प्रार्थनाही बंद पडलेली.

"मग ते प्रश्नचिन्हवालं पान काढलं. तेवढंच वाचता येत होतं, ताई. कारण ते मला लवकर सावर म्हणत नव्हतं."

"आणि ८:२८?"

"त्याच्यापुढे पण पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलंय. तारीख टाकून."

मी ऐकतच राहिले. अवघड वचन जवळचं झालं होतं आणि सोपं वाटणारं आता अवघड, आणि दोन्हींना थांबायला जागा द्यायची हे तिने माझ्याशिवाय ठरवलं होतं. माझ्या कामात मला याहून जास्त काही नको असतं.

तेव्हा तुम्हालाही हेच सांगेन, आज झेपत नसेल तर खूण करा आणि पुढे जा, ओढूनताणून अर्थ लावू नका. प्रत्येक वचनाचा दिवस येईलच असंही मी म्हणत नाही. स्तोत्र १३७ चा शेवट, बाबेलच्या लेकरांना खडकावर आपटायची भाषा, यरुशलेमचा नाश सोसून बंदिवासात गेलेल्यांचा तो आक्रोश आहे हे मला माहीत आहे, तरी मला तो आजही जड जातो आणि विचारणाऱ्याला मी तसंच सांगते.

एका ठिकाणी मात्र हा सल्ला अजिबात लावू नका. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला इफिसकरांस ५:२२ दाखवून, अधीन राहा, पुढे कळेल, असं कोणी सांगत असेल तर त्याला तिथेच थांबवा. त्याच अध्यायात २१ वं वचन एकमेकांच्या अधीन व्हा म्हणतं आणि २५ वं नवऱ्याला स्वतःला अर्पण करायला सांगतं. अशा वेळी वाट बघायची नसते, आधी तिला सुरक्षित जागी न्यायचं, लगेचचा धोका असेल तर ११२ हा आपत्कालीन नंबर लावायचा, बायबल नंतर शांतपणे उघडता येतं.