रोमा टोमॅटोचं बूड काळं पडतंय? आधी पाणी आणि कुंडी बघा

तुम्ही लिहिलंय की पुण्यात गच्चीवर दहा इंची कुंड्यांत रोमा लावलाय, पहिल्या घोसातली फळं बुडाकडून काळी पडताहेत, अंड्याच्या टरफलांची पूड घालूनही फरक नाही आणि बगलफुटी (पानाच्या बगलेत येणारे फुटवे) नेमाने काढूनसुद्धा फळं कमीच. प्युरीसाठी रोमा निवडलात हे उत्तम केलंत. गर दाट, बिया कमी, फळं बरीचशी एकदम पिकतात. अडचण कुंडीत आणि पाण्यात आहे.

बुडाचा तो चामड्यासारखा काळा डाग म्हणजे रोग नव्हे, त्यामुळे बुरशीनाशक फवारून काही होणार नाही. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचलं नाही की तिथल्या पेशी मरतात. कॅल्शियम मुळांकडून पाण्याबरोबरच वर चढतं. पानांतून बाष्प जास्त उडतं, म्हणून पाणी ओढलं जातं ते पानांकडे, आणि फळाच्या टोकाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. रोमा, सान मार्झानो अशा लांबट जातींत हा त्रास ठळक दिसतो तो त्यामुळेच. टरफलं मातीत विरघळायला कित्येक महिने लागतात, आणि मातीत बहुतेक वेळा कॅल्शियम असतंच. पानांवर फवारलेलं कॅल्शियमही फळात उतरत नाही. दहा इंची कुंडीत जेमतेम सात-आठ लिटर माती मावते. फळं धरलेलं झाड ती दुपारपर्यंत कोरडी करतं, संध्याकाळी आपण ती चिंब करतो. ही ओढाताणच डाग पाडते.

तेव्हा एका रोपाला 20 ते 25 लिटर माती द्या. 12 इंच रुंद, 15 इंच खोल ग्रो बॅग चालते. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि बॅगमागे 100 ग्रॅम निंबोळी पेंड. कोकोपीट दोन-तीनदा धुऊनच वापरा. न धुतलेल्यात क्षार असतात, शिवाय ते कॅल्शियम स्वतःकडे धरून ठेवतं. वर दोन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन हवंच. फळं धरल्यावर पाणी सकाळी आणि संध्याकाळी असं विभागून द्या. दोन इंच खोल बोट घातलं की ओल लागली पाहिजे. बुडाच्या भोकातून सतत पाणी गळत असेल तर ते जास्त होतंय.

फळ धरल्यापासूनचे पहिले दोन-तीन आठवडे सर्वांत नाजूक. तेव्हा एक दिवसही ताण पडू देऊ नका. फळ पूर्ण आकाराचं होऊन रंग धरू लागलं की धोका बराच ओसरतो. मग पाणी थोडं कमी करा, गर दाट होतो. बाजारच्या फळापेक्षा घरची प्युरी पातळ होते, अशी तक्रार करणारे बहुतेक जण नेमके याच वेळी भरपूर पाणी देत असतात. डाग पडलेली फळं लगेच तोडा, ती सुधारत नाहीत. पुढचे घोस बहुधा चांगले येतात.

पेंडीचं पाणी दर आठवड्याला देत असाल तर फुलं आल्यावर थांबवा. नत्र जास्त झालं की पाला माजतो आणि डागही वाढतात. त्याऐवजी लिटरला 2 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि पुढच्या आठवड्यात तितकंच सल्फेट ऑफ पोटॅश, असं आलटून पालटून मातीत द्या. दोन्ही एका बादलीत कालवू नका. जिप्सम होऊन तळाशी साका बसतो.

बगलफुटींचं म्हणाल, तर रोमा ठरावीक उंचीवर थांबणारी जात आहे आणि तिची बरीच फळं त्या फुटव्यांवरच लागतात. पहिल्या घोसाखालचे फुटवे तेवढे काढा, वरचे राहू द्या, तीन-चार फुटी काठ्या रोवून सुतळीने आधार द्या. एका-दोन फांद्यांवर छाटत न्यायचं ते सान मार्झानोसारख्या वेलासारख्या वाढणाऱ्या जातींना. व्हिडिओंमध्ये हा फरक क्वचितच सांगतात, आणि रोमाचं उत्पन्न हकनाक जातं.

आपल्याकडे सोयीचा काळ म्हणजे गणपतीच्या सुमारास बी टाकणं आणि 25-30 दिवसांची रोपं नवरात्र-दसऱ्यापर्यंत बॅगेत लावणं. खोड पहिल्या पानांपर्यंत मातीत पुरा, त्यालाही मुळं फुटतात. उन्हाळ्यात पारा 35 अंशांच्या वर गेला की फुलं गळतात, शिवाय पांढरी माशी चुरडा-मुरडा हा पानं वळवणारा विषाणूरोग पसरवते. म्हणून रोपं बारीक जाळीखाली वाढवा आणि पिवळे चिकट सापळे लावा. पानं वळून रोप खुजं राहिलं तर मोह न ठेवता उपटा, विषाणूवर औषध नाही. ही लागण दरवर्षी होत असेल तर बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण लावा. त्याचा गरही घट्ट आहे. मात्र त्याचं बी पुढच्या वर्षासाठी धरता येत नाही, रोमाचं येतं.

फळं झाडावरच लाल होऊ द्या आणि प्युरी करेपर्यंत फ्रिजबाहेर ठेवा. किलोभर रोमाची साल-बिया काढून आटवलेली दाट प्युरी अंदाजे 350-400 ग्रॅम भरते. त्या हिशेबाने वर्षाची बेगमी करायची तर आठ-दहा बॅगा तरी लावाव्या लागतील.