टोगियन बेटांवरच्या लाकडी झोपडीत आठवडाभर राहवेल का?

इंडोनेशियातल्या टोगियन बेटांवर समुद्रकाठच्या झोपडीत आठवडा काढायचा तुमचा विचार आहे, फोटो बघून मन झालंय, पण सौभाग्यवतींचा पहिलाच प्रश्न आहे, ‘संडास-बाथरूमचं काय?’ असं तुम्ही लिहिलंय. प्रश्न रास्त आहे. फोटो टाकणारे नेमकं तेच दाखवत नाहीत, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो. मी आणि माझी ताई, दोघंही पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, तिथे नऊ रात्री राहिलो.

झोपडीच्या मागे बाथरूम. कोपऱ्यात सिमेंटची चौकोनी टाकी, तिच्यात पाणी, वर तरंगणारा दांडीवाला प्लॅस्टिकचा मग. अंघोळीला तिकडे ‘मांदी’ म्हणतात आणि त्या मगाला ‘गायुंग’. टाकीत उतरायचं नसतं, बाहेर उभं राहून अंगावर पाणी घ्यायचं. आमच्या शेजारच्या झोपडीतलं युरोपियन जोडपं पहिल्या दिवशी त्या टाकीकडे बराच वेळ बघत उभं होतं. आपल्याला बादली-तांब्याची सवय, त्यामुळे तुमच्या घरात हे कुणाला शिकवावं लागणार नाही. संडासातही त्याच मगाने पाणी ओतायचं.

खरी अडचण पाण्याच्या चवीची. ते मचूळ असतं. छोट्या बेटावरचं गोडं पाणी म्हणजे जमिनीत मुरलेला पाऊस. तो खाऱ्या पाण्यापेक्षा हलका, म्हणून जमिनीखाली त्याच्यावर पातळ थर धरून राहतो. उपसा जास्त झाला की खालचं खारं पाणी वर सरकतं. मग साबणाला फेस येत नाही आणि केसांची दोरखंडं होतात. ताई चौथ्या दिवसापासून पावसाची वाट बघू लागली. तो आला तेव्हा तिने पागोळ्यांखाली बादली लावली आणि छत्री न घेता तिथेच केस धुतले. प्यायचं पाणी वेगळं, मोठ्या जारमधून मिळतं. आपली बाटली भरून घ्यायची.

आता झोपडी. खांबांवर उभी, भिंती फळ्यांच्या, पुढे ओसरी आणि ओसरीवर झोळी. छपराला सागो ताडाची पानं. ज्याच्या खोडातल्या पिठावरून आपल्या साबुदाण्याला नाव मिळालं तो हाच ताड, फक्त आपला साबुदाणा कसावाच्या कंदाचा. दुपारी पत्र्याच्या छपराखाली भाजून निघतो, पानांच्या छपराखाली झोप लागते, म्हणून निवड असेल तर पानांचीच घ्या. जोरदार पावसात एखाद-दोन ठिकाणी गळेल, तेव्हा अंथरूण सरकवायचं.

जमिनीच्या फळ्यांत बोटभर फटी असतात आणि त्यांची आठवण ठेवावी लागते. तिसऱ्या रात्री ताईच्या कुडीची फिरकी निसटली आणि फटीतून खाली गेली. खाली भरतीचं पाणी. आम्ही सोडून दिली होती, पण मालकीणबाईंचा दहा-बारा वर्षांचा मुलगा पहाटे ओहोटीला टॉर्च घेऊन झोपडीखाली शिरला आणि फिरकी घेऊनच वर आला. आधी अशा किती वस्तू शोधल्यास, असं विचारल्यावर त्याने हातांची सगळी बोटं दाखवली. तेव्हा दागिने घरी ठेवा आणि चष्म्याला दोरी लावा.

वीज जनरेटरची, अंधार पडल्यावर सुरू होते आणि रात्री दहा-अकराला बंद. आमच्याकडे तरी असंच होतं. काही ठिकाणी आता सौर पॅनेल आहेत. पंखा थांबला की पाच मिनिटांत मच्छरदाणीत घाम फुटतो. पहिली रात्र वाईट जाते, हे आधीच सांगून ठेवतो. शिवाय आवाज. छपरात ‘तोके’ नावाची हातभर पाल राहते आणि रात्री स्वतःचंच नाव ओरडते, इतक्या मोठ्यांदा की मी अंधारात उठून बसलो होतो. बिस्किटांचा पुडा उघडा ठेवलात तर उंदीरही येतील. खायचं काही खोलीत ठेवू नका, स्वयंपाकघरात देऊन टाका.

वादळाची भीती मात्र नको. ही बेटं विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून आहेत आणि चक्रीवादळाला फिरवणारा पृथ्वीच्या परिवलनाचा जोर तिथे नसल्यातच जमा असतो, त्यामुळे तसली वादळं तिथे उभीच राहत नाहीत. त्यात ही बेटं ज्या तोमिनीच्या आखातात आहेत, ते तिन्ही बाजूंनी सुलावेसी या मोठ्या बेटाच्या जमिनीने वेढलेलं. समुद्र बहुतेक दिवस तळ्यासारखा असतो. धाक आहे तो जमिनीखालचा. टोगियनमधल्याच कादिदिरी बेटाच्या किनाऱ्यावरून स्वच्छ दिवशी ऊना-ऊना बेटाचा डोंगर दिसतो. तो ज्वालामुखी आहे. 1983 च्या जुलैत तो फुटला आणि बेटाचा बहुतांश भाग जळून गेला, पण आधीच्या धक्क्यांवरून ओळखून सुमारे सात हजार लोकांना होड्यांनी हलवलं होतं, म्हणून माणसं वाचली. आज तिकडे लोक पोहायला आणि डायव्हिंगला जातात.

पोहोचायचे दोन रस्ते. सुलावेसीच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरच्या आम्पानाहून होडीने टोगियनमधल्या वकाई गावाला, किंवा उत्तरेकडच्या गोरोंतालो शहरातून रात्रीच्या फेरीबोटीने, जिला बारा-तेरा तास लागतात. आम्ही फेरीने गेलो. गोरोंतालो विषुववृत्ताच्या उत्तरेला अर्धा अंश, वकाई दक्षिणेला जवळपास तेवढंच, म्हणजे मध्यरात्रीच्या सुमारास आपण पृथ्वीचा मध्य ओलांडतो. मी त्यासाठी डेकवर जागा राहिलो. काहीही झालं नाही. ताई अंगाखाली चटई घालून घोरत होती आणि शेजारी कोंबड्यांचा खुराडा होता. वकाईहून कादिदिरीला छोट्या होडीने अर्धा तास.

फेरी रोज नसते आणि तिचे वार बदलतात. इंडोनेशियात यासाठी ‘जाम कारेत’ असा शब्द आहे, म्हणजे रबरी वेळ. तुमचा आठवड्याचा बेत मला एवढ्याच कारणासाठी खटकला. जायचे दोन आणि यायचे दोन दिवस धरले तर हातात तीनच उरतात, आणि एखादी बोट चुकली तर पुढचं विमानही चुकतं. आमची परतीची फेरी दीड दिवस उशिरा आली. आम्ही गोरोंतालोत दोन दिवस मोकळे ठेवले होते म्हणून निभावलं. दहा-बारा दिवस काढता येत नसतील तर दुसरीकडे जा, असंच मी म्हणेन. पैसे रोख न्या, रुपियात. झोपडीत कार्ड चालत नाही.

जेवण राहण्याच्या भाड्यातच धरलेलं असतं: तीन वेळा, सगळ्यांनी एकाच लांब टेबलावर. भात, मासे, पालेभाजी, केळी. संध्याकाळी कधी केळ्याची भजी. मासे खात असाल तर चंगळ आहे. शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात जाऊन सांगा: ‘साया तिदाक माकान इकान’, मी मासे खात नाही. मालकीणबाईंना ‘इबू’ म्हणा, म्हणजे आई, आणि मालकांना ‘पाक’. ताईला रोज वेगळं अंडं मिळायचं, पण आठव्या दिवशी ती अंड्याकडे बघायलाही तयार नव्हती. लोणच्याची एक बाटली नेली असती तर आठ दिवस सुखाचे गेले असते.

दिवसभर करायचं काय? पाण्यात डोकं घालायचं. झोपडीपासून पन्नास हात गेलं की पोवळ्यांचा कडा खाली उतरतो. 2004 पासून हा सगळा भाग राष्ट्रीय उद्यान आहे, तरी सुरुंग लावून मासे मारल्याच्या खुणा अजून दिसतात: मधेच पांढरा चुरा पसरलेला, जसं काही कपबश्या फुटल्यात. पाठ झाकणारा पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. माझी पाठ दुसऱ्याच दिवशी सोलून निघाली. पोवळ्याने खरचटलं तर लगेच गोड्या पाण्याने नीट घासून धुवा आणि औषध लावा, त्या दमट हवेत जखम लवकर चिघळते. साधी सरकारी आरोग्यसेवा वकाईला आहे, पण मोठं काही झालं तर बोटीचीच वाट बघायची. म्हणून रोजच्या गोळ्या दुप्पट न्या, आणि हिवतापाचं निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

एक दिवस मालेंगे बेटाच्या बाजूला काढा. तिथल्या पापान बेटावर समुद्रावरच जगणाऱ्या बाजाऊ लोकांचं गाव आहे, पाण्यावर खांबांनी उभं, आणि तिथून मालेंगेपर्यंत लाकडी पूल जातो. हे लोक एका दमात इतका वेळ पाण्याखाली राहतात की संशोधकांनी मध्य सुलावेसीतल्या बाजाऊंची प्लीहा, म्हणजे दम रोखल्यावर साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडणारा अवयव, मोजली आणि 2018 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ती शेजारच्या जमिनीवर राहणाऱ्या लोकांपेक्षा सरासरी निम्म्याने मोठी निघाली. पुलावर एका म्हाताऱ्याने मला गळ कसा टाकायचा ते दाखवलं. मी तो स्वतःच्याच शर्टात अडकवला आणि पुलावरची सगळी पोरं हसली.

तुमच्या घरी कुणाचे गुडघे दुखत असतील तर नीट विचार करा, कारण होडीतून धक्क्यावर चढायला कठडा नसतो आणि झोपडीच्या पायऱ्याही उंच असतात. बाकी सौंना सांगा की बादलीसारखी टाकी आहे, मग आहे आणि दाराला आतून कडी आहे. फक्त बुकिंग करताना न चुकता विचारा, बाथरूम झोपडीला लागून आहे की शंभर पावलांवर? आम्ही पहिल्या तीन रात्री शंभर पावलांवाल्या झोपडीत होतो. दुसऱ्या रात्री दोन वाजता जनरेटर बंद, पाऊस सुरू, आणि ताई मला हाक मारत होती की टॉर्च घेऊन चल.