शिरोडकर टाका: शिरोडकर कोण, आणि बाकीची नावं कुणाची

दोन प्रश्न एकदम आलेत. एक, एका ताईंच्या गरोदर वहिनींच्या दवाखान्याच्या कार्डावर 'शिरोडकर स्टिच' (दिवस असताना गर्भपिशवीच्या तोंडाला घालतात तो टाका) लिहिलंय आणि घरच्यांना वाटतंय की शिरोडकर नावाचे कुणी मोठे डॉक्टर बाहेरून येऊन टाका घालणार, तर ते कोण, कुठे बसतात. आणि दुसरं, खाली एका दादांनी लिहिलंय की टाक्यांना, अवजारांना, आजारांना दिलेली ही माणसांची नावं म्हणजे नुसतं गोऱ्या साहेबांचं कौतुक, सगळी काढून टाका. मी मुंबईत गायनॅकच्या (बायकांच्या आजारांच्या) ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सिस्टर होते, आता रिटायर. ही नावं दिवसभर तोंडात असायची, म्हणून जरा लांबण लावते, वेळ असेल तर वाचा.

तर ताई, शिरोडकर सर कुठेच बसत नाहीत, ते १९७१ सालीच गेले. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, गोव्यातल्या शिरोड्याचे, जन्म १८९९. शिकले मुंबईत ग्रँट मेडिकलला आणि पुढे तिथेच प्रोफेसर झाले. म्हणजे दादा, ज्या नावावरून विषय निघाला तेच मुळी साहेबाचं नाही, आपल्याच माणसाचं आहे, आणि लंडन-न्यूयॉर्कच्या पुस्तकांतही तो टाका शिरोडकर म्हणूनच छापलेला असतो.

त्यांनी केलं काय ते सांगते. काही बायकांचं काय होतं, दिवस राहतात, तीन-चार महिने सगळं व्यवस्थित, आणि मग पाचव्या-सहाव्या महिन्यात फारशा कळा न येताच गर्भपिशवीचं तोंड उघडतं आणि मूल जातं. पुढच्या वेळी परत तेच. घरचे मग बाईलाच बोल लावतात, जड उचललं असेल, जिना चढली असेल. शिरोडकरांचं म्हणणं, तोंडच कमजोर आहे, तर ते वरच्या बाजूला, जिथे पिशवी सुरू होते तिथेच आवळून बांधा. त्यासाठी खालून त्वचेला छोटा छेद घ्यायचा, लघवीची पिशवी हळूच वर सरकवायची आणि आतल्या तोंडाच्या लेव्हलला पट्टी फिरवून गाठ मारायची. सुरुवातीला ही पट्टी ते बाईच्याच मांडीतल्या जाड पडद्यातून कापून घ्यायचे, नंतर मर्सिलीनची टेप आली, पांढरी, चपटी, दोन्ही टोकांना सुई असलेली. १९५५ साली त्यांनी हे छापलं. दोनच वर्षांनी मेलबर्नच्या डॉ. मॅकडोनाल्डनी सोपी पद्धत काढली, लघवीच्या पिशवीला हात न लावता नुसते सुईने तोंडाभोवती चार-पाच घास घेत बटव्याच्या नाडीसारखा टाका ओढायचा. आज बहुतेक ठिकाणी घालतात तो हाच. पण आमच्याकडे टाका कुठलाही असो, पेशंट, नातेवाईक आणि खरं सांगायचं तर आम्हीसुद्धा त्याला शिरोडकरच म्हणायचो.

आता नावं काढून टाकण्याबद्दल. माझं म्हणणं एवढंच आहे की सगळी एका मापाने मोजू नका. नाव कुणाचं लागतं हे पुष्कळदा ज्याने शोधलं त्याच्या हातात नसतं, मागाहून दुसरंच कुणी ठरवतं, आणि ज्या बाईवर ते सगळं शोधलं तिचं नाव तर कुठेच येत नाही.

सिम्सचंच घ्या. गायनॅकच्या ट्रेमध्ये सिम्स स्पेक्युलम नाही असं होत नाही, आत बघायला वापरतात ते, दोन्हीकडे वाकडी पाती असलेलं. सर हात पुढे करून 'सिम्स' म्हणायचे, आपण द्यायचं. हा डॉ. सिम्स अमेरिकेत अलाबामातल्या माँटगोमेरीचा. अडलेल्या बाळंतपणात लघवीच्या मार्गाला भोक पडून बाईची लघवी सतत गळत राहते, त्या फिस्टुलावर त्याने ऑपरेशन बसवलं आणि ते बघायला पहिलं स्पेक्युलम केलं ते चमचा वाकवून. इथपर्यंत आम्हाला शिकवलं होतं. जे शिकवलं नाही ते असं, की १८४५ ते १८४९ हे सगळं त्याने गुलाम बायकांवर केलं. अनार्का, बेट्सी, ल्युसी ही तीन नावं त्याच्याच लिखाणात आहेत, बाकीच्यांची तर नावंही नाहीत. एकट्या अनार्कावर तीस ऑपरेशनं, भूल न देता. ईथर, म्हणजे भुलेचं औषध, १८४६ साली बॉस्टनला सगळ्यांसमोर दाखवून झालं होतं तरीही नाही. आणि परवानगी? ती विचारायची कुणाला, मालकाला. ज्याने कधी फिस्टुलाची पेशंट लिथॉटॉमीत, म्हणजे पाय वर अडकवून, झोपवली असेल त्यालाच कळेल की भूल न देता तीस वेळा म्हणजे काय. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून त्याचा पुतळा २०१८ साली हलवला आणि २०२१ मध्ये माँटगोमेरीतच त्या तिघींचे पुतळे उभे राहिले. स्पेक्युलमचं नाव मात्र आहे तेच. ते बदललं तर माझी काही हरकत नाही, पण नाव पुसून अनार्काची गोष्टही पुसली जाणार असेल तर नको. नर्सिंगच्या पोरींना शिकवताना दोन्ही सांगा.

काही नावं बदललीसुद्धा आहेत हां. डाऊन सिंड्रोम, म्हणजे जन्मापासूनच बुद्धीची वाढ मंद असते ती मुलं. लँग्डन डाऊन नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरने १८६६ साली या मुलांचं वर्णन केलं, पण चेहरेपट्टी बघून त्यांना मंगोल लोकांचं नाव चिकटवलं, आणि शंभर वर्षं तेच चाललं. १९५९ साली कळलं की एकविसावा क्रोमोसोम जास्तीचा असतो, वंशाशी काही संबंध नाही. १९६१ ला काही तज्ज्ञांनी लॅन्सेट या डॉक्टरी मासिकाला पत्र लिहून तो शब्द सोडा म्हटलं आणि १९६५ मध्ये मंगोलियानेच जागतिक आरोग्य संघटनेकडे तक्रार केली, तेव्हा कुठे तो सुटला. इथे माणसाचं नाव लावलं हीच सुधारणा, गंमत बघा.

अपगार तर सगळ्यांनी ऐकलं असेल, बाळ जन्मलं की एका मिनिटाला आणि पाच मिनिटांनी देतात ते दहापैकी मार्क. रंग, ठोके, चिमटा काढल्यावर रडतं का, हातपाय आखडलेले की लुळे, श्वास, प्रत्येकी शून्य ते दोन. शिकायला येणाऱ्या मुली हटकून विचारायच्या की हा फुल फॉर्म काय. तशी अक्षरं जुळवलीत खरी, पण ती नंतर, पाठ करायला सोपं जावं म्हणून. नाव आहे डॉ. व्हर्जिनिया अपगार यांचं, न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ. त्यांना सर्जन व्हायचं होतं, बाईमाणसाचं त्यात भागणार नाही म्हणून वरिष्ठांनी भुलेकडे वळवलं. १९५२ साली त्यांनी हा स्कोअर मांडला. त्याआधी निळं पडलेलं बाळ बाजूला ठेवून सगळे आईकडे धावत.

फोली कॅथेटरचं, म्हणजे लघवीसाठी घालतात त्या नळीचं, उलटंच, नाव मिळालं डॉ. फोलींना, पेटंट गेलं दुसऱ्याकडे. पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी, डॉ. पापानिकोलाऊंच्या नावाने, पण त्यांच्या बायकोने, अँड्रोमाकीने, वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने दिले हे कोण लक्षात ठेवतं.

आणि आपल्याकडे नाव लागायला हवं होतं आणि लागलं नाही असं विचाराल तर डॉ. भेंडे. मुंबईत १९५२ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी असं रक्त शोधलं की जे साध्या टेस्टमध्ये ओ दिसतं, पण ओ ची पिशवी क्रॉसमॅचला, म्हणजे रक्त जुळतं का बघायला, लावली की गुठळ्या. कारण ओ वाल्यांच्या रक्तपेशींवर एच नावाचा घटक असतो, यांच्याकडे तोही नाही. भारतात साधारण दहा हजारांत एक. नाव पडलं बॉम्बे ब्लड ग्रुप. शहराचं नाव बदललं तरी रक्ताचं नाही बदललं. प्रसूतीत रक्तस्राव चालू असताना ब्लड बँकेतून 'एकही ओ मॅच होत नाही' असा फोन आला की सगळ्यांचे चेहरे पडतात, त्यामुळे ज्यांच्या घरात हा ग्रुप आहे त्यांनी ते फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

वहिनींचं राहिलंच. टाका साधारण बारा ते चौदा आठवड्यांत घालतात आणि छत्तीस-सदतीसला काढतात. नक्की कुठला घालणार, शिरोडकर की मॅकडोनाल्ड, हे डॉक्टरांना विचारा. मॅकडोनाल्ड बाहेरून दिसतो, काढायला सोपा. शिरोडकर आत पुरलेला असतो, काढायला कधी कधी परत ओटीत घ्यावं लागतं. काढायची तारीख कार्डावर लिहून घ्या, आणि मधेच कळा, पाणी जाणं किंवा रक्त दिसलं तर तारखेची वाट न बघता दवाखाना गाठायचा आणि गेल्या गेल्या आधी 'टाका आहे' हे सांगायचं. माहेरी बाळंतपणाला जाणार असतील तर तिथल्या डॉक्टरांनाही हेच कार्ड दाखवा, कारण टाका न काढता जोराच्या कळा चालू राहिल्या तर पिशवीचं तोंड फाटतं.