शिरोली एमआयडीसीत नोकरी आहे. युरोप आणि पुढे थायलंड-व्हिएतनाम असं सहा-सात महिने फिरायचंय. आधी राजीनामा द्यावा की आधी व्हिसा काढावा?

आधी बिनपगारी रजा मागा, त्या रजेच्या पत्रावर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) काढा, आणि युरोप आधी उरका. राजीनाम्याचं नंतर बघू. शाहूपुरीत व्हिसाच्या फायली लावणं हेच माझं काम आहे. शेंगेनचा अर्ज साधारणपणे आपण राहतो त्या देशातूनच करावा लागतो. बँकॉकला पोचल्यावर 'आता युरोपचं बघू' म्हटलं तर बहुतेक वेळा परत इकडेच यावं लागतं. आग्नेय आशियाचं मात्र वाटेत जमतं, व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑनलाइन निघतो. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त 6 महिने आधी करता येतो आणि राहता येतं कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस. देश बदलला म्हणून हा हिशेब नव्याने सुरू होत नाही, हे निम्म्या लोकांना पटतच नाही! फाइल अडते ती बँक स्टेटमेंटवर. महिनाभर आधी काकांकडून एकदम चार लाख आलेले दिसले की शंका आलीच. पगारातून साठत आलेली रक्कम आणि आयटी रिटर्न जास्त वजनदार.

आता, आपल्याकडच्या कितीतरी फौंड्र्यांत एवढी मोठी रजा ऐकूनच साहेब हसतील. तसं झालं तर नोकरी सोडतोय हे कव्हर लेटरमध्ये सरळ लिहा आणि परत येण्याचं कारण दाखवणारे कागद लावा: घर, शेती, आई-वडील. नकाराची शक्यता थोडी वाढते, पण नोकरीचं खोटं पत्र लावू नका. ते पडताळायला फोन येतो.