दुहेरीत भवितव्य आहे का हो?

बाळ, आशीर्वाद.

परवा रात्री तुझ्या आईचा फोन आला होता. बॅडमिंटनच्या राज्य स्पर्धेत एकेरीच्या दुसऱ्याच फेरीत हरलीस, तेव्हापासून तू रॅकेटची पिशवी उघडलेली नाहीस म्हणे. वर तुमच्या कोचनी ‘आता हिला दुहेरीत टाकू या’ असं म्हटल्यावर दार लावून घेतलंस. हे सगळं सांगून झाल्यावर ती जरा थांबली आणि चाचरत म्हणाली, “सर, दुहेरीत भवितव्य आहे का हो?” फोनवर मी काहीतरी गुळमुळीत बोललो. खरं उत्तर तुला लिहितोय, कारण खेळायचं तुला आहे.

‘टाकू या’ या शब्दाचा राग आला असेल तर बरंच झालं. आमच्या वेळीही हाच शब्द होता. एकेरीत दम टिकेना की पोराला दुहेरीत टाकायचं. पण एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत भारताच्या मुलींचं पहिलं पदक सायनाचं नाही आणि सिंधूचंही नाही. ते दुहेरीचं आहे. २०११ साली लंडनमध्ये ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी कांस्य आणलं. त्याआधी या स्पर्धेत आपल्याकडे एकच पदक होतं, प्रकाश पदुकोण यांचं १९८३चं. ज्वाला तर जन्मानं वर्ध्याची. आणि या दोघींचं पुढे काय झालं? दोनच वर्षांनी इंडियन बॅडमिंटन लीग सुरू झाली, तेव्हा महिला दुहेरीच त्यातून काढून टाकली आणि लिलावातली दोघींची मूळ बोली ५० हजार डॉलरवरून २५ हजारांवर आणली. माझा त्या लीगशी काडीचा संबंध नव्हता, तरी तो अपमान मी अजून विसरलेलो नाही. तू या वाटेला येणार असशील तर हेही माहीत असू दे.

पैशाचं आत्ताच सांगतो, म्हणजे आईलाही दाखवता येईल. मोठ्या स्पर्धांत एकेरीच्या विजेत्याला एकूण बक्षिसाच्या ७ टक्के मिळतात, दुहेरीच्या विजेत्या जोडीला ७.४ टक्के. जोडीला, एकेकीला नव्हे. २०२३ची इंडोनेशिया ओपन साडेबारा लाख डॉलरची होती. आपल्या मुंबईचा चिराग शेट्टी आणि सात्विकसाईराज रंकिरेड्डी यांनी ती जिंकली, तेव्हा जोडीला साडेब्याण्णव हजार डॉलर मिळाले, म्हणजे प्रत्येकी ४६,२५०. एकेरीचा विजेता एकटा साडेसत्त्याऐंशी हजार घेऊन गेला. हे वरच्या पायरीचं झालं. खालच्या पायऱ्यांवर विमानाचं तिकीट आणि हॉटेल स्वतःचं असतं, शटल आणि गटिंगचा, म्हणजे रॅकेटच्या तारा बदलण्याचा, खर्च वर्षभर चालूच राहतो. म्हणून बारावी आणि पदवी सोडायची नाही. खेळाडू कोट्यातली नोकरी हाच बहुतेकांचा खरा आधार असतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता खेळाकडे येऊ. तुझा एकेरीचा खेळ मी पाहिलाय. रॅली लांबवायची, समोरचीला दमवायचं आणि चुकायची वाट बघायची. दुहेरीत बरेचसे पॉइंट पहिल्या तीन-चार फटक्यांतच कोणाच्या बाजूला झुकलेत ते कळतं. दुहेरीचा सर्व्हिसचा चौकोन एकेरीपेक्षा मागून ७६ सेंटीमीटरनं कमी आणि बाजूनं ४६ सेंटीमीटरनं जास्त असतो. मागे जागाच कमी असल्यानं फ्लिकची, म्हणजे अचानक डोक्यावरून मागे उडवलेल्या सर्व्हिसची, भीती कमी होते, म्हणून रिसीव्ह करणारी पुढच्या रेषेला नाक लावून, रॅकेट वर धरून उभी असते. सर्व्हिस करताना तुला मात्र शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खालूनच मारावं लागतं, म्हणजे मध्यावरच्या नेटच्या पट्टीपेक्षा निदान ३७ सेंटीमीटर खालून. ते पट्टीवर दोन बोटं जरी वर उठलं तरी ती तिथेच ठोकते. ही एक गोष्ट तुला वर्षभर रोज करावी लागेल. कंटाळवाणी आहे. कुणी टाळ्या वाजवत नाही. माझ्याकडे आलेली निम्मी पोरं स्मॅश शिकायला म्हणून आली आणि इथेच गळली.

दुसरी गोष्ट, मधली जागा. समोरची स्मॅश मारताना दोघींच्या मधोमध मारणार, कारण तिथे दोघी एकमेकींकडे बघतात. मारणारीच्या तिरक्या बाजूला जी उभी असेल, तिनं मध्याकडे सरकायचं. हे आधी ठरवायचं, शटल आल्यावर नाही.

पण खरं अवघड आहे ते पार्टनर.

चिराग आणि सात्विकला एकत्र आणलं ते मलेशियन कोच टॅन किम हर यांनी, २०१६च्या सुमारास. दोघंही उंच, दोघंही मागून ठोकणारे. सगळ्यांना वाटलं, पुढे नेटवर कोण उभं राहणार? चिरागनं पुढचा खेळ शिकून घेतला. आपल्याला आवडतं ते सोडून जोडीला लागतं ते शिकणं म्हणजे काय, हे बघायचं तर त्यांच्या जुन्या मॅच बघ. स्मॅशच्या वेगाचे व्हिडिओ नकोत, पुढे उभा असलेला चिराग बघ.

अश्विनीचंही बघ. २०१२ आणि २०१६चं ऑलिंपिक ती ज्वालाबरोबर खेळली आणि २०२४चं तनिषा क्रास्टोबरोबर. तनिषा मूळची गोव्याची, अश्विनीहून जवळजवळ चौदा वर्षांनी लहान. पॅरिसमध्ये तिन्ही सामने हरल्या. पण नव्यानं, इतक्या लहान मुलीबरोबर सगळं जुळवून तिथवर जाणं मला पदकाच्या जवळचंच वाटतं. क्रमवारी जोडीची असते. जोडी बदलली की नवं खातं उघडायचं.

माझ्या पार्टनरबद्दल कधी बोललो नाही तुमच्याशी. आठ वर्षं आम्ही एकत्र होतो. तेव्हा पंधराचा गेम, आणि जोडीला दोन सर्व्हिस मिळायच्या, दोघांना एकेक. एका राष्ट्रीय स्पर्धेत तिसऱ्या गेमला १३-१४ वर आमची दुसरी, म्हणजे त्याची, सर्व्हिस नेटमध्ये गेली. मी काही बोललो नाही. त्याच्याकडे न बघता माझ्या जागेवर जाऊन उभा राहिलो, बस्स. पुढचा पॉइंट गेला, मॅच गेली. पुढच्या मोसमात मी दुसऱ्याबरोबर नाव दिलं, आणि ते त्याला प्रवेशिकांच्या यादीवरून कळलं. नव्या पार्टनरबरोबर मी दोन स्पर्धा जिंकलो, पण त्या जुन्या मित्राशी पुन्हा धड बोलणं झालं नाही. तुझ्या पार्टनरची सर्व्हिस चुकली तर रॅकेट पुढे कर, तिच्या रॅकेटला लाव आणि जा. त्या वेळी कोपर कसं हवं होतं वगैरे शिकवायला जाऊ नकोस. आणि जोडी सोडायची वेळ आली तर तिच्या घरी जाऊन, तिच्यासमोर बसून सांग.

आणखी एक, हरत असताना गेम सोडायचा नाही. २०१२ला लंडन ऑलिंपिकमध्ये ज्वाला-अश्विनी गटात तीनपैकी दोन सामने जिंकल्या आणि गुणांच्या फरकानं बाहेर गेल्या. टोकियोत चिराग-सात्विकचंही तेच, तीनपैकी दोन जिंकून गेमच्या फरकावर बाहेर. त्यांनी हरवलेल्या एका जोडीनं, तैवानच्या ली यांग आणि वांग ची-लिन यांनी, पुढे सुवर्ण जिंकलं. तो सामना तिसऱ्या गेमला २७-२५ असा सुटला होता. मी टीव्हीसमोर उभा होतो, बसवेना.

आईला सांग, भवितव्याचं कागदावर लिहून देता येत नाही, पण वर्षभर बघायला हरकत नाही. रविवारी सकाळी सातला हॉलवर ये. तुमच्या क्लबातली ती डावखुरी मुलगी, जिच्याशी तुझं पटत नाही म्हणतेस, तिला घेऊन ये. एक डावी, एक उजवी असली की दोघींचे फोरहँड मध्यावर आणता येतात. घरात जुनी, पिसं मोडलेली शटल असतील तर टाकून देऊ नकोस, पिशवी भरून आण. सर्व्हिसला तीच पुरतात.

तुझे सर